वाचन-चाचण्या ठरवणाऱ्यांना खुले पत्र: उद्या वर्गात काय शिकवायचं ते सांगणारी चाचणी द्या

वाचन-चाचण्या आखणाऱ्या, त्या मंजूर करणाऱ्या आणि शाळाशाळांतून घ्यायला लावणाऱ्या सर्व मान्यवरांना,

सप्रेम नमस्कार.

समजा, एकाच वर्गातल्या दोन मुलांना आकलनाच्या चाचणीत २० पैकी ९ गुण पडले. त्यातला मुलगा अजून अक्षरं जुळवत वाचतो. जोडाक्षर आलं की थांबतो, रफार दिसला की गोंधळतो, आणि वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरून जातो. तोच उतारा त्याला वाचून दाखवला, तर तो सगळ्या प्रश्नांची उत्तरं देईल. मुलगी मात्र घडाघडा वाचते, तिचं एक अक्षर चुकत नाही. पण तिच्या घरची भाषा वेगळी आहे, आणि उताऱ्यातले निम्मे शब्द तिच्यासाठी नुसते आवाज आहेत. तिला तो उतारा कोणी वाचून दाखवला तरी कळणार नाही. दोघांच्या प्रगतिपुस्तकात आकडा एकच, श्रेणी एकच आणि शेराही एकच: ‘वाचनाचा सराव वाढवावा.’ या शेऱ्यावरून उद्या सकाळी वर्गात मी त्या दोघांसाठी काय वेगळं करायचं, हे मला कळत नाही.

मी प्राथमिक वर्गांना शिकवते. वाचनाच्या चाचण्या बंद करा, असं म्हणायला हे पत्र लिहीत नाही. चाचणी हवीच, कारण चांगल्या शिक्षकालासुद्धा चाळीस मुलांच्या वर्गात गप्प बसणारं, मागच्या बाकावरून ओठ हलवणारं मूल सहज निसटून जातं. माझी विनंती इतकीच, की शाळेत येणाऱ्या प्रत्येक वाचन-चाचणीने कुठल्या प्रश्नाचं उत्तर ती देणार आहे हे आधी सांगावं, आणि ते उत्तर शिकवणाऱ्याच्या उपयोगाचं असावं.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाची एक अगदी साधी मांडणी केली. लिपी उलगडता येणं आणि भाषा समजणं, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचून समजणं. बेरीज न घेता त्यांनी गुणाकार घेतला, याला फार महत्त्व आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरं कितीही मोठं असलं तरी हाती शून्यच येतं. वर सांगितलेल्या दोन मुलांपैकी एकाचं एक कमी आहे, दुसरीचं दुसरं. तरीही आपल्या बहुतेक चाचण्या फक्त गुणाकार मोजतात आणि तो कशामुळे घटला हे विचारत नाहीत. ते विचारायला फार खर्चही येत नाही. एक उतारा मुलाने स्वतः वाचायचा, आणि तितक्याच अवघड असलेला दुसरा उतारा शिक्षकाने वाचून दाखवायचा. दोन्हींवर सारख्याच प्रकारचे प्रश्न तोंडी विचारायचे. ऐकून कळतं पण वाचून कळत नाही, तर काम लिपीवर करायचं. ऐकूनही कळत नाही, तर शब्दसंग्रह, गप्पा, गोष्टी, भाषा. मला तर वाटतं, कुठल्याही आकलन-चाचणीसोबत ऐकण्याचा असा एक भाग सक्तीने असावा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित चाचणी हीच आहे.

चाचण्यांचे प्रकार तुम्ही जाणताच, म्हणून थोडक्यात सांगते. कुठल्या मुलाकडे आधी लक्ष द्यायला हवं हे सांगणारी चाळणी चाचणी. ते मूल नेमकं कुठे अडतं हे शोधणारी निदानात्मक चाचणी. शिकवण्याचा उपयोग होतोय का, हे दर काही आठवड्यांनी पाहणारी प्रगती-चाचणी. आणि वर्षअखेरीची, जी शाळेचा किंवा संपूर्ण व्यवस्थेचा हिशोब मांडते. यांतली कुठलीच वाईट नाही. अडचण येते ती एकीचं काम दुसरीकडून करून घेताना. वर्षअखेरीच्या निकालावरून निदान करायला सांगतात, पण तो निकाल येईपर्यंत मूल पुढच्या इयत्तेत गेलेलं असतं. चाळणीत अडकलेल्या मुलाला लगेच ‘अप्रगत’ ठरवतात. वास्तविक चाळणी म्हणजे नुसती शंका असते. तिच्यानंतर निदान व्हायलाच हवं.

एका मिनिटाच्या प्रकट वाचनाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण ती चाचणी आता जगभर पोहोचली आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात स्टॅन्ली डेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून ती घडवली. मुलाने अनोळखी उतारा मोठ्याने वाचायचा आणि मिनिटभरात किती शब्द बरोबर वाचले ते मोजायचं. पुढे ओरेगॉन विद्यापीठात तयार झालेल्या डिबेल्स या चाचणीसंचात आणि २००६ पासून अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या एग्रा या चाचणीत हाच गाभा आहे. मिनिटभरात ही चाचणी बरंच काही सांगून जाते, हे मी स्वतः पाहते आहे. अक्षर ओळखण्यातच ज्याची सगळी शक्ती खर्च होते, त्याच्याकडे अर्थासाठी काही उरत नाही. म्हणून सुरुवातीच्या इयत्तांमध्ये हा आकडा आणि आकलन बरेचसे हातात हात घालून चालतात. शिवाय वेगवेगळे उतारे घेऊन ती वर्षभर पुन्हा पुन्हा घेता येते, आणि एखाद्या मुलाची रेघ वर चढते आहे की आडवीच आहे, हे महिन्या-दीड महिन्यात दिसतं.

पण वेग हे लक्षण आहे. लक्षणालाच ध्येय केलं की मुलं श्वास न घेता, पूर्णविराम तुडवत, पळत सुटतात. घड्याळ लावून ‘अजून भरभर’ म्हणणारे वर्ग मी पाहिले आहेत, आणि त्या वर्गातल्या मुलांना वाचून झाल्यावर गोष्टीत काय झालं ते सांगता येत नव्हतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मूल्यमापनात प्रकट वाचनाच्या ओघासाठी ४ पातळ्यांची एक मोजपट्टी वापरली गेली आहे. तिच्यात शब्द अर्थपूर्ण गटांनी वाचले का, वाक्याची रचना सांभाळली का, आवाजात भाव उमटला का, हे पाहतात. मिनिटाच्या आकड्याशेजारी अशी एक नोंद आणि ‘आता काय वाचलंस ते सांग’ असा एक प्रश्न, एवढं जरी आलं तरी चाचणीचा सूर बदलेल.

आणखी एक गोष्ट आपल्या लिपीची. इंग्रजीसाठी बनवलेले मिनिटाला इतके शब्द हे आकडे उचलून मराठीला लावू नका. ‘शाळेशेजारच्यांनासुद्धा’ हा मराठीत एकच शब्द आहे. इंग्रजीत तेवढं सांगायला चार-पाच सुटे शब्द लागतात. प्रत्यय चिकटवून शब्द लांबवणाऱ्या भाषेत शब्द मोजले, तर मूल विनाकारण मागे दिसतं. अक्षरं मोजा, किंवा आपल्याच मुलांवर आपलेच निकष ठरवा. लिपीनुसार वाचन शिकण्याचा काळही बदलतो. फिलिप सेमूर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १३ युरोपीय भाषांतल्या मुलांची तुलना केली. पहिलीच्या अखेरीस फिनिश मुलं ओळखीचे जवळपास सगळे शब्द बरोबर वाचत होती, इंग्रजी वाचणारी मुलं साधारण एक तृतीयांश. याचा अर्थ इंग्रजी वाचणारी मुलं मंद होती असा मुळीच नाही. त्यांची लिपी आणि उच्चार यांचं नातं किचकट आहे. भारतीय लिप्यांची अडचण निराळी. उच्चार सरळ, पण चिन्हं शेकड्यांनी. व्यंजन, त्यावर मात्रा-वेलांट्या, मग जोडाक्षरं. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात ही चिन्हं आत्मसात करायला चौथीपर्यंतची वर्षं लागतात, असं दिसलं. मराठी मुलांचंही याहून फार वेगळं नसावं, असं माझा अनुभव सांगतो. तेव्हा पहिलीच्या मुलाला ‘स्त्र’ आणि ‘क्ष्म’ अडले म्हणून तो मागासला असा शिक्का मारणारी चाचणी त्या मुलाबद्दल काही सांगत नाही. ती बनवणाऱ्याने लिपीचा विचार केलेला नाही, एवढंच तिच्यातून कळतं.

आता माझ्या सर्वात जिव्हाळ्याच्या चाचणीकडे येते. मूल वाचत असताना शेजारी बसून त्याची प्रत्येक चूक जशीच्या तशी टिपून ठेवणं. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी हे रोजच्या वर्गात करता येईल असं सोपं केलं, आणि अमेरिकेत केनेथ गुडमन यांनी १९६० च्या दशकात चुकांचं विश्लेषण सुरू केलं. वाचन म्हणजे संदर्भावरून केलेला अंदाज, हे गुडमन यांचं म्हणणं पुढच्या संशोधनात टिकलं नाही. सराईत वाचक अक्षरं नीट पाहतो. पण चूक ही माहिती असते, ही त्यांची दृष्टी आजही तितकीच कामाची आहे.

उताऱ्यात वाक्य आहे: ‘ढग काळे झाले आणि पाऊस सुरू झाला.’ एक मूल वाचतं, ‘ढग काळे झाले आणि पाऊल सुरू झाला,’ आणि तसंच पुढे जातं. त्याने अक्षरं बऱ्यापैकी ओळखली, पण आपण वाचलेल्याला अर्थ आहे का, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. दुसरं वाचतं, ‘आभाळ काळे झाले.’ अर्थ जवळपास तोच, पण त्याने चित्र पाहून ठोकून दिलं. ‘ढग’ या दोन अक्षरांकडे त्याचे डोळे गेलेच नाहीत. तिसरं वाचतं, ‘पाऊल… पाऊस सुरू झाला.’ ते स्वतःच थांबलं, मागे आलं, दुरुस्त केलं. आणि चौथं वाचतं, ‘ढग काळं झालं.’ पुस्तकातली भाषा त्याने आपल्या बोलीत आणून वाचली, म्हणजे त्याला वाक्य पुरतं समजलं. आकड्यात या चौघांच्या चुका जवळपास सारख्या भरतील. पण पहिल्याला मी म्हणेन, ‘पुन्हा वाच बरं, असं कधी होतं का?’ दुसऱ्याचं चित्र हाताने झाकून अक्षरांवर बोट ठेवायला लावेन. तिसऱ्याची पाठ थोपटेन. चौथ्याच्या चुकीला वाचनाची चूक मानणारच नाही. बोलीभाषेच्या उच्चाराला वाचनाची चूक धरू नये, हा नियम प्रत्येक चाचणीच्या सूचनापत्रात ठळक छापला जावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘न’ आणि ‘ण’ मधला फरक बोलीत नसलेल्या कितीतरी मुलांचे गुण आजवर यापायी गेले आहेत.

या पद्धतीला वेळ लागतो, हे मान्य. एकाच उताऱ्यावरून निष्कर्ष काढला तर तो डळमळीतही असतो, कारण उतारा बदलला की चुका बदलतात. म्हणून दोन-तीन उतारे घ्यायला हवेत, आणि टिपण्याची रीत शिक्षकांना बसवून शिकवायला हवी.

लेखी आकलन-चाचणीचं दुखणं वेगळं आहे. बहुपर्यायी प्रश्नांची वाचन-चाचणी तशी जुनी. अमेरिकेत फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास मूक वाचनाची अशी चाचणी बनवली. थोड्या वेळात पुष्कळ मुलं तपासता येतात, तपासणाऱ्याची मर्जी चालत नाही, हे तिचे गुण. पण पुढचं वाक्य पाहा: ‘झुमऱ्या टोळूने गडक्याला भुसळले.’ आता प्रश्न: टोळूने कोणाला भुसळले? उत्तर: गडक्याला. पूर्ण गुण मिळाले, आणि अर्थाचा पत्ता नाही. आपल्या छापील चाचण्यांतले कितीतरी प्रश्न असेच असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि शेजारचा शब्द उतरवायचा. चौथीच्या मुलांसाठी २००१ पासून दर ५ वर्षांनी होणाऱ्या पर्ल्स या आंतरराष्ट्रीय चाचणीत थेट दिलेली माहिती शोधणं ही चार कामांपैकी फक्त पहिली पायरी आहे. त्यापुढे साधे तर्क करणं, माहिती जोडून अर्थ लावणं, आणि मजकुराची पारख करणं येतं. आपली प्रश्नपत्रिका पहिल्या पायरीवरच किती वेळ रेंगाळते, हे कृपया एकदा मोजून पाहा.

याच्या उलट टोकाचे प्रश्नही असतात, ज्यांना उताऱ्याची गरजच नाही. जॅनिस कीनन आणि रेबेका बेटजेमन यांनी २००६ मध्ये ग्रे प्रकट वाचन चाचणी तपासली; तिच्यात उतारा मोठ्याने वाचून मग त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. उतारा न वाचताच विद्यार्थ्यांना तिच्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं, नुसत्या अंदाजाने येतील त्याहून कितीतरी जास्त, बरोबर देता आली. वर्षानुवर्षं नावाजलेली चाचणी! यावर उपाय सोपा आहे. चाचणी छापण्याआधी काही मुलांना उतारा न देता नुसते प्रश्न द्यायचे. जे प्रश्न सुटतील ते काढून टाकायचे.

रिकाम्या जागा भरण्याची क्लोझ चाचणी विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये आणली, तीही मुळात मजकूर किती सोपा आहे हे मोजण्यासाठी. टिमोथी शॅनहान आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं की उताऱ्यातल्या वाक्यांचा क्रम उलटापालटा केला तरी वाचणाऱ्यांचे गुण फारसे घसरत नाहीत. म्हणजे ती वाक्याच्या आतलं तपासते, वाक्यांमधलं नातं तपासत नाही. ठीक आहे, त्या मर्यादेत वापरावी.

उताऱ्याचा विषयही निकाल फिरवतो. १९८८ मध्ये डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात मागे पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पुढे पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. ज्या मुलाने समुद्र कधी पाहिला नाही, त्याला भरती-ओहोटीचा उतारा देऊन आपण त्याचं वाचन मोजतो की त्याचं जग? म्हणून एका उताऱ्यावर कोणाचंही भवितव्य ठरू नये. निरनिराळ्या विषयांवरचे तीन-चार लहान उतारे एका लांब उताऱ्यापेक्षा केव्हाही न्याय्य.

मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७० च्या दशकात सांगून ठेवलं की एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय टांगावेत, तितका तो आकडा आणि तो ज्याचं माप घेतो ते काम, दोन्ही बिघडत जातात. इंग्लंडमध्ये २०१२ पासून ५-६ वर्षांच्या मुलांची एक चाचणी होते. शिक्षक समोर बसून ४० शब्द वाचून घेतात. २० खरे आणि २० बनावट, कारण बनावट शब्द पाठ असू शकत नाही, तो उलगडावाच लागतो. चाचणी म्हणून कल्पना चांगली आहे. पहिल्या दोन वर्षी ३२ शब्दांना उत्तीर्ण, हे आधीच जाहीर होतं. निकालाचा आलेख काढला तर ३१ वर मुलं फारच थोडी आणि ३२ वर एकदम उंच सुळका. २०१४ मध्ये ही सीमा चाचणी होईपर्यंत सांगितली नाही, आणि तो सुळका बराच खाली आला. यात मला शिक्षकांचा अप्रामाणिकपणा दिसत नाही. समोर बसलेल्या घाबरलेल्या मुलाच्या एका अर्धवट उच्चारावर त्याचा आणि शाळेचा शिक्का ठरणार असेल, तर माणूस मुलाच्या बाजूनेच कान देणार. ती रचना तुमची आहे, म्हणून ती बदलण्याची विनंतीही तुम्हालाच.

व्यवस्थेची तब्येत पाहायची असेल तर त्यासाठी प्रत्येक मुलाची परीक्षा लागत नाही. नीट निवडलेला नमुना पुरतो. पर्ल्स तेच करते. भारतात २००५ पासून असर या पाहणीत घरोघरी जाऊन मुलाला एकट्याला समोर बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचायला देतात, आणि त्यातून मिळालेल्या चित्राने देशभर चर्चा घडवली. तिथे कुठल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर काही चढत नाही, म्हणून कोणाला काही लपवावंसंही वाटत नाही. हिशोबाची चाचणी आणि शिकवण्याची चाचणी या दोन वेगळ्या ठेवल्यात, तर वर्गातल्या चाचणीत आम्हाला खरं लिहिता येईल.

विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तरी आकडा तोच येणं) आणि सप्रमाणता (जे मोजायचं तेच मोजलं जाणं) हे दोन शब्द प्रत्येक अहवालात असतात, पण त्यांचा तपशील आमच्यापर्यंत येत नाही. हीच चाचणी पुढच्या आठवड्यात घेतली तर गुण किती हलतील? दोन परीक्षकांनी एकाच मुलाला ऐकलं तर दोघांचा आकडा जुळेल का? २० गुणांच्या छोट्या चाचणीत ११ आणि १२ यांतला फरक बऱ्याचदा योगायोगाचाच असतो, आणि त्या एका गुणावर श्रेणी बदलते. गुणांसोबत ‘या आकड्यात इतकी चूक संभवते’ हे छापा. चाळणीची सीमा कुठे ठेवली आणि का, हेही सांगा. गुणांची सीमा खाली ठेवली तर गरज असलेली मुलं निसटतात, वर ठेवली तर गरज नसलेलीही अडकतात. सुरुवातीच्या इयत्तांत मी दुसरी चूक पत्करेन. मदत थोडी जास्त मुलांना मिळाली तर बिघडत नाही, निसटलेलं मूल मात्र वर्षभर मागे राहतं.

निकाल आठवड्याच्या आत हातात यावा, आणि नुसता एकूण आकडा न येता लिपी, ओघ, शब्दसंग्रह, आकलन असा सुटा यावा. प्रत्येक मुलाबरोबर दहा मिनिटं एकटं बसता येईल इतका वेळ वेळापत्रकात अधिकृतपणे द्यावा, कारण आज ती दहा मिनिटं आम्ही इतर तासांतून चोरतो. आणि पुढच्या चाचणीचा मसुदा छापायला जाण्याआधी तो काही वर्गशिक्षकांकडे पाठवावा. आम्ही तो मुलांसोबत बसून वापरून पाहू, कुठला प्रश्न कुठे अडला ते लिहून परत पाठवू, आणि त्यासाठी वेगळं मानधन मागणार नाही.

आपली,
प्राथमिक वर्गांची एक शिक्षिका